टरबूज, तलवार आणि मामांची शाल

कॉलेजात असताना मी पोटावर टरबूज ठेवून चारचौघांत आडवी व्हायचे आणि माझा सख्खा मोठा भाऊ डोळ्याला पट्टी बांधून तलवारीनं त्या टरबुजाच्या दोन फाकी करायचा. हे सांगितलं की लोक हसतात. आमच्या सूनबाईला तर अजून खरं वाटत नाही. ती म्हणते, "आई, तुम्ही आणि कराटे?" मी म्हणते, व्हय, मी आणि कराटे. हसायचं तर खुशाल हसा, टरबूज तुमच्या पोटावर नव्हतं.

आमचं गाव फुलंब्रीकडचं, पण वडील नोकरीपायी शहरात आले आणि आम्ही क्रांती चौकाच्या जवळ दोन खोल्यांत राहू लागलो. दादा बी.ए. अर्धं सोडून पुण्याला गेला, तिथं एका कारखान्यात लागला आणि संध्याकाळी कराटे शिकू लागला. परत आला तो काळा पट्टा घेऊन. तो पट्टा गुरूनं दिला होता की दुकानातून आणला होता, हे त्यानं कधी धड सांगितलं नाही. पण त्याला येत होतं, ते मात्र खरं. एका शाळेच्या पटांगणात त्यानं क्लास काढला. आईनं मांजरपाटाचे पांढरे ड्रेस शिवून दिले. मुली येईनात, म्हणून पहिली मुलगी म्हणून मला उभं केलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण थोड्या दिवसांत मला ते आवडायला लागलं.

पहिल्या दिवशी तो सगळ्यांना सांगायचा, कराटे म्हणजे रिकामा हात. हातात काही घ्यायचं नाही. मग कितीतरी दिवस नुसतं उभं राहायला शिकवायचा. मग मूठ कशी वळायची, श्वास कुठून सोडायचा. त्याच्या पुण्याच्या गुरूचा एक नियम होता. समोरच्याच्या नाकावर पूर्ण जोरानं ठोसा मारायचा आणि नाकाच्या एक बोट आधी थांबवायचा. समोरच्यानं पापणी हलवायची नाही. दादाची मूठ माझ्या नाकासमोर येऊन थांबायची तेव्हा तिचा वारा लागायचा. पहिल्यांदा मी किंचाळले होते. नंतर पापणी हलेनाशी झाली. त्याची मूठ थांबणार हे मला ठाऊक होतं, आणि या पुढच्या सगळ्या कहाणीचं मूळ तेच आहे.

पण नुसतं उभं राहायला शिकायला कोण येतंय? तेव्हा शहरात गल्लोगल्ली व्हिडिओ पार्लर निघाली होती. दाराला काळा पडदा, आत सतरंजी, आणि टीव्हीवर काळ्या कपड्यांतले जपानी लोक भिंतीवर चढू लागलेत, धुरात गायब होऊ लागलेत, डोळे बांधून हवेत फेकलेलं फळ कापू लागलेत. पोरं तिथून निघून थेट आमच्या पटांगणात यायची. विचारायची, "सर, उडी मारून लाथ कधी? सर, गायब व्हायचं कधी शिकवणार?" दादा सांगायचा की असलं काही नसतं. पोरं दुसऱ्या दिवशी यायची नाहीत. पार्लरवाला चाचा आमच्या ओळखीचा होता. तो एकदा कौतुकानं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मास्टर, हवा में मुक्के मारने से क्या होता? लोगां कू तलवार दिखाव." दादा त्याच्यावर चिडला. घरी येऊन जेवला नाही. पण ती गोष्ट डोक्यात शिरली ती शिरलीच.

ट्रकच्या कमानीचा जुना पोलादी पाटा घेऊन त्यानं एका लोहाराकडून जपानी तलवार करून घेतली. आम्ही तिला जपानी म्हणायचो. मुठीला काळी दोरी गुंडाळली होती, बस. धार मात्र अस्सल होती.

तलवार घरात आली तशी आई खोलीबाहेर गेली. तिचं माहेर देवगाव रंगारी. रझाकारांच्या वेळी ती चिमुरडी होती. घरात गडबड उडाली तेव्हा तिला धान्याच्या बळदात उतरवून वरून पोती टाकली होती, आणि बळदाच्या फटीतून तिनं एक उघडी तलवार जाताना पाहिली होती. माणूस दिसला नाही, नुसती तलवार. पोलीस ॲक्शन झालं, सगळं निवळलं, तिचं लग्न झालं, आम्ही झालो, पण उघडं पातं तिला कधी सोसलं नाही. विळीसुद्धा काम झालं की आडवी करून कोपऱ्यात, तोंड भिंतीकडं. तिनं दादाला एवढंच सांगितलं, "माझ्यासमोर म्यानातून काढू नको बाबा." त्यानं म्यान शिवलं, जुन्या रेक्झिनचं.

आता पट्टीची गोष्ट सांगते, कारण ती फक्त आम्हा दोघांना माहीत होती. पट्टी माझ्या काळ्या ओढणीची होती. मीच शिवली. पातळ कापड, दुहेरी घडी. बाहेरून बघणाराला वाटावं गच्च काळी आहे, पण तोंड उजेडाकडं केलं की आतून समोरचं धूसर दिसायचं. मी स्वतः बांधून बघितली होती. भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, आकडे नाही दिसले. दादा म्हणाला, "टरबुजाला आकडे नसतात." मी हसले. इतकं सोपं होतं ते.

पोटावर टॉवेलाची घडी, घडीवर टरबूज, आणि खाली मी, आकाशाकडं बघत. तो दिसत नाही असं नाटक करायचा. तलवारीचं टोक जमिनीवर टेकवत गोल फिरायचा, मुद्दाम चुकीच्या दिशेला वळायचा, बायका ओरडायच्या, मग माझ्याजवळ यायचा. हात वर. आणि खच्चकन. टरबूज फाटायचं आणि पातं घडीच्या वर थांबायचं. मूठ जशी नाकाआधी थांबायची तसंच. लोक वेडे व्हायचे. क्लासला पोरं मावेनात. तेवढ्या काळात सगळ्या शहरात दादाला मास्टर म्हणू लागले, आणि रिकाम्या हाताची गोष्ट तो पहिल्या दिवशी सांगायचा ती सांगायचा बंद झाला. मी रोज रात्री झोपताना पोटावर हात ठेवून झोपायचे. आईला वाटायचं, पोट दुखतंय.

मग देवगावचं आमंत्रण आलं. आईच्या माहेरचं. तिथल्या शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होता आणि बोलावणारे होते गावातले एक वडीलधारे, आईचे चुलत भाऊ. म्हणजे आमचे मामा. तसं माहेरचं सगळं गावच मामा असतं, पण हे खास. आईच्या वडिलांच्या माघारी तिची दिवाळी-पंचमी यांनीच केलेली. आई किती हरखली होती. नवं लुगडं काढलं. तलवार बघायची नाही असं ठरवूनही ती आली, आणि बायकांत पुढं बसली, कारण आज ती मास्टरची आई होती. इतक्या वर्षांत माहेरी तिला कुणी असं पुढं बसवलं नव्हतं.

दुपारी उन्हं कलली तशी माणसं जमली. आधी पाहुण्यांचा सत्कार. मामांना शाल-श्रीफळ दिलं. जाड, लोकरीची, मातकट रंगाची शाल, अजून तिच्या घड्या मोडल्या नव्हत्या. मग दादानं जे त्याला खरं येत होतं ते करून दाखवलं, तो हातापायांच्या हालचालींचा संथ क्रम. लोक शांत बसले, मग कंटाळले. कुणीतरी मागून म्हणालं, "ह्यो नाचतोय का भांडतोय?" हशा झाला. दादाचे कान लाल झाले. त्यानं हातानं छपराचे कवेलू फोडले, टाळ्या आल्या, आणि मग माईकवरून सांगितलं की आता डोळे बांधून तलवारीचा प्रयोग.

मी सतरंजीवर आडवी झाले. टरबूज ठेवलं. आमची रीत अशी होती की पट्टी पाहुण्यांच्या हातानं बांधून घ्यायची, म्हणजे लोकांना शंका नको. दादानं पट्टी मामांना दिली. मामांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि माईकवर म्हणाले, "ही काय चिंधी? माझा भाचा एवढा मोठा झाला, त्याच्या डोळ्याला चिंधी बांधू? आज गावानं मला शाल दिली, ती मी माझ्या भाच्याला देतो." आणि त्यांनी शालीची लांब चार पदरी घडी घालून ती दादाच्या डोळ्यांवर धरली.

मी आडवी होते. मला आकाश दिसत होतं, मामांचे हात दिसत होते आणि ती शाल दिसत होती. चार पदरी लोकरीतून काही दिसणार नव्हतं.

मामानं दिलेला आहेर भाच्यानं नाकारायचा नसतो. हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही, ते असतंच. नको मामा, म्हणावं तर का नको? चिंधीच बरी, म्हणावं तर चिंधीत काय आहे? दादाचा हात शाल सरकवायला वर गेला, अर्ध्यात थांबला, खाली आला. मामांनी मागं गाठ मारली, वर एक ओढ दिली. बायकांत बसलेली आई टाळ्या वाजवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या मनात आलं, आता उठून बसावं. टरबूज पडेल, फुटेल, लोक हसतील, मामांचं तोंड उतरेल, आणि आई परत कधी या गावात पुढं बसणार नाही. मी उठले नाही. दादा स्वतःच सांगेल, असं मी धरून चालले.

तो सांगेना. तलवारीचं टोक जमिनीवर टेकवत निघाला, पण आज ते नाटक नव्हतं. तो खरंच शोधत होता. टोक आधी माझ्या पायाच्या पंजाला लागलं. मग गुडघ्याला. लोखंड गार होतं. मी हळूच म्हटलं, "वर." त्यानं ऐकलं, कारण टोक वर सरकलं आणि टरबुजाला टेकलं. मला वाटलं, आता थांबेल, आता गुडघा टेकून बसेल आणि काहीतरी निमित्त सांगेल. तेवढ्यात पोरांनी हलगी वाजवायला सुरुवात केली.

हलगीत माझं मलाच ऐकू येईना. मी म्हटलं, "दादा, नको." परत म्हटलं. ओठ हलत होते एवढं नक्की. त्यानं टोक टरबुजावरून उचललं, अर्धं पाऊल मागं घेतलं, आणि हात वर गेले. उन्हात पातं दिसेनासं झालं. मला बळदाच्या फटीतून बघणारी आई आठवली. पापणी हलवायची नाही, हे शरीरात इतकं भिनलं होतं की डोळे मिटायचे म्हटलं तरी मिटेनात. मला सगळं बघावं लागलं.

खच्चकन आवाज झाला. पोटावर आधी गार लागलं, मग गरम. लाल पाणी दोन्ही बाजूंनी सतरंजीवर वाहू लागलं आणि मला वाटलं, गेलं, संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मामांनी दादाला मिठी मारली. मला कुणीतरी हात धरून उठवलं आणि मी उठले, म्हणजे मी होते.

मामांच्या घरी कपडे बदलताना बघितलं. टॉवेलाची घडी आरपार कापली होती. ड्रेसही. पोटावर बेंबीच्या वर एक बारीक रेघ होती, बोटभर, त्यातून रक्त येऊन वाळलं होतं. टरबुजाच्या पाण्यात कुणाला कळलं नव्हतं. मी हळद लावली, वरून पदर घेतला आणि बाहेर पंगतीत जाऊन बसले. आई तिच्या वहिनीला सांगत होती, "आज माझ्या पोरानं माहेरात माझं नाक राखलं."

परतीच्या एसटीत आई खिडकीशी पेंगत होती आणि शाल दादाच्या मांडीवर होती. मी त्याला विचारलं, "तुला दिसत होतं?"

तो म्हणाला, "दिसत होतं ना. खालून, नाकाजवळून फट होती."

मी रेघेबद्दल सांगितलं नाही. त्याचा चेहरा इतका खुशीत होता. फट होती म्हणाला तर असेल, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेल्यावर मी ती शाल काढली. मामांनी घातली होती तशीच चार पदरी घडी घातली, डोळ्यावर बांधली, मागं गाठ मारून वर ओढ दिली. दारात भर उन्हात उभी राहिले. नाकाजवळ फट नव्हती. ऊन नव्हतं, दार नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. मला स्वतःच्या श्वासाचीच भीती वाटली आणि मी ती ओरबाडून काढली.

तेव्हापासून मला घरात नीट बसता येईना. माझा भाऊ, ज्याच्या मुठीचा वारा मी पापणी न हलवता झेलला, त्यानं आंधळेपणानं मारलं होतं. तो पाणी प्यायला माझ्यामागून गेला तरी अंगावर काटा यायचा. तो ताटावर बसून काकडी कापू लागला की मी उठून जायचे. आई म्हणायची, "हिला काय झालंय?" काय सांगणार? तुझं नाक राहिलं त्याची ही किंमत आहे, असं सांगू?

काही दिवसांनी तो क्लासवरून आला आणि म्हणाला, "रविवारी फुलंब्रीत कार्यक्रम आहे. आता मामांची शालच वापरायची. लोकांना जाड कापड बघून लई भारी वाटतं."

मी म्हटलं, "मी नाय झोपणार."

"का? भरवसा नाय का माझ्यावर?"

"तुला शालीतून दिसतं ना?"

"दिसतं, सांगितलं ना एकदा."

"मग मलापण दिसेल. आज तू झोप."

तो हसला. मी हसले नाही. आई पिठाच्या गिरणीला गेली होती. मी घरातलं टरबूज काढलं, पुढच्या खोलीत चटई टाकली. थट्टेचा भाग म्हणून असेल किंवा मोठा भाऊ म्हणून मागं हटणं जमलं नसेल, तो चटईवर आडवा झाला. मी त्याच्या पोटावर टरबूज ठेवलं. त्याच्या समोर शालीची चार पदरी घडी घातली, स्वतःच्या डोळ्यावर बांधली, गाठ मारली, वर ओढ दिली. म्यानातून तलवार काढली. रेक्झिनवरून लोखंड सरकतं त्याचा एक आवाज असतो. तो आवाज झाला आणि त्याचं हसणं थांबलं.

मी टोक जमिनीवर टेकवत गेले. ते कशाला तरी लागलं. त्याचा पाय होता. मी कुणाकडून "वर" ऐकायची वाट बघितली. कुणी म्हणालं नाही. टोक सरकवत नेलं, टरबुजाला लागलं असावं, किंवा टरबूज नसेलही. अर्धं पाऊल मागं घेतलं आणि हात वर नेले. तलवार जड होती. काळोखात त्याचा श्वास ऐकू येत होता, तोंडानं चाललेला, ज्याला तो पोरांना चूक म्हणायचा तसा.

"थांब," तो म्हणाला.

मी थांबले.

"नव्हतं दिसत," तो म्हणाला. "काहीच नव्हतं दिसत."

शालीच्या आतून मी विचारलं, "मग मारलीस कशाला?"

तो इतक्या बारीक आवाजात बोलला की त्याचाच आहे यावर विश्वास बसेना. "मामा उभे होते गं."

मी रडेन असं मला वाटलं होतं. या एका वाक्यासाठी मी इतके दिवस जीव मुठीत धरून बसले होते. पण रडू आलं नाही. तलवार अजून माझ्या डोक्यावर होती आणि माझ्या लक्षात आलं की माझे हात जरासुद्धा थरथरत नाहीत. देवगावच्या पटांगणात भ्याले नव्हते इतकी मी त्या क्षणी भ्याले, आणि यावेळी दादाला नाही.

तो कुठं आहे ते मला दिसत नव्हतं, म्हणून हात खाली घेता येईनात. मी एक पाऊल मागं सरकले, मग आणखी एक, आणि पाठीला भिंत लागल्यावरच तलवार खाली घेतली.